गाण्याची शिकवणी कशासाठी?

जून उजाडला की सांगलीत विश्रामबागेच्या आणि साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास शिकवण्यांची पत्रके दिसू लागतात. अबॅकस, हस्ताक्षर सुधार, वैदिक गणित, संस्कारवर्ग, आणि त्यांच्याच पंगतीत गायन, हार्मोनियम, तबला. या शेवटच्या पत्रकांची भाषा अलीकडे पुष्कळच बदलली आहे. पूर्वी 'गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची तयारी करून घेतली जाईल' एवढे एक वाक्य पुरत असे. आता त्यात स्मरणशक्ती येते, एकाग्रता येते, गणितातील प्रगती येते आणि मेंदूच्या उजव्या-डाव्या भागांचा समतोल विकासही येतो. भूप राग आणि वर्गमूळ यांचे नाते आपल्याकडे एवढे जुने असेल याची बाळकृष्णबुवांना कल्पना नसावी! पालकांचा प्रश्नही त्याच वळणाचा असतो. मुलाला गाण्याला घातले तर अभ्यासाला फायदा होतो ना, असे आम्हांला अनेकांनी विचारले आहे. आम्ही मराठीचे अध्यापक, आमच्यापैकी काही साताऱ्यात शिकवतात, काही सांगलीत. संगीतावर अधिकारवाणीने बोलणे आमचे काम नव्हे. तरीही या विषयात पडण्याचे कारण आहे. गाणे शिकलेली आणि न शिकलेली मुले पुढे कवितेच्या तासाला आमच्यासमोर येऊन बसतात, आणि त्यांच्यात आम्हांला दिसणारा फरक पत्रकात कुठेच छापलेला नसतो.

आधी पत्रकातल्या दाव्यांचे पाहू. त्यांचे मूळ बहुधा १९९३ सालच्या एका छोट्या प्रयोगात आहे. अमेरिकेत ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची एक रचना ऐकवण्यात आली आणि त्यानंतर अवकाशविषयक तर्काच्या चाचणीत त्यांचे गुण काहीसे वाढलेले दिसले. वाढ टिकली दहा-पंधरा मिनिटे. प्रयोग प्रौढांवर झालेला, तोही ऐकण्याचा, शिकण्याचा नव्हे. पण 'मोझार्टने बुद्धी वाढते' हे वाक्य जगभर पसरले, आणि १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांच्या घरी अभिजात संगीताच्या तबकड्या पाठवण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलरची तरतूद सुचवली. पाळण्यातल्या बाळाला सोनाटा ऐकवून त्याचा अभियंता करण्याची ही कल्पना आज हास्यास्पद वाटेल. परंतु आपल्या पत्रकांतले वाक्य तिचेच वंशज आहे.

त्याहून गंभीरपणे घ्यावा असा प्रयोग कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांचा. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा वर्षांच्या १४४ मुलांचे त्यांनी चार गट केले. एका गटाला कीबोर्ड, दुसऱ्याला गायन, तिसऱ्याला नाट्य, आणि चौथ्याला त्या वर्षी काहीच नाही. वर्षाअखेर बुद्ध्यंक सर्वांचाच वाढला, कारण मुले त्याच वर्षी शाळेत जाऊ लागली होती. पण संगीताच्या गटांत वाढ सुमारे सात गुणांची होती, उरलेल्यांत सुमारे साडेचार. म्हणजे संगीताच्या पदरात पडतात ते जेमतेम अडीच-पावणेतीन गुण. पत्रक छापणारे येथेच थांबतात. या प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष मात्र आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. इतरांशी जुळवून वागण्यात जी सुधारणा दिसली ती नाटक शिकलेल्या मुलांत दिसली, संगीत शिकलेल्यांत नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ज्या सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्या सांगलीत एकही पत्रक हा निष्कर्ष छापत नाही, याची गंमत वाटते आणि थोडा खेदही.

पुढे २०२० मध्ये साला आणि गोबे या संशोधकांनी ५४ अभ्यासांतील जवळजवळ सात हजार मुलांची आकडेवारी एकत्र केली. ज्या अभ्यासांत संगीताची तुलना 'काहीच न करणाऱ्या' गटाशी न करता दुसरे काहीतरी शिकणाऱ्या गटाशी केली होती, तिथे बुद्धीला किंवा अभ्यासाला होणारा लाभ जवळपास नाहीसा झाला. या मांडणीवर २०२२ मध्ये आक्षेप घेतले गेले आणि वाद मिटलेला नाही. पण जो लाभ मोजायला इतकी खटपट करावी लागते, त्याच्या भरवशावर कोणी मुलाला रोज पहाटे सा लावायला बसवू नये. गणित सुधारायचे असेल तर गणित करावे. तो मार्ग जवळचा आहे आणि स्वस्तही.

मग गाण्याची शिकवणी निरर्थक ठरते काय? आमचे मत अगदी उलट आहे. चुकीच्या कारणासाठी चांगली गोष्ट केली तर ती गोष्टच बिघडते, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि ती कशी बिघडते हे पाहायला आपल्याच परिसराचा इतिहास पुरेसा आहे.

मुलांना वर्गात बसवून गाणे शिकवायचे, ही कल्पना आज इतकी सहज वाटते की तिला कोणीतरी पहिल्यांदा आकार दिला असेल हे ध्यानातच येत नाही. त्यात सिंहाचा वाटा ज्यांचा, ते विष्णू दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. जन्म १८७२. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली आणि नेहमीचे शिक्षण अवघड होऊन बसले. म्हणून मुलाला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. शाळेतल्या अभ्यासाला मदत व्हावी म्हणून हा मुलगा गाण्याकडे गेला नाही. शाळेचा मार्ग अडला, तेव्हा गाणे हेच त्याचे शिक्षण झाले. बाळकृष्णबुवा स्वतः विद्येसाठी ग्वाल्हेरपर्यंत वणवण केलेले. त्यांच्या काळात विद्या मिळायची ती गुरूच्या घरी राबून, त्याच्या मर्जीने, आणि पुष्कळदा अर्धीमुर्धी. १८९६ मध्ये मिरज सोडून निघालेल्या विष्णू दिगंबरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा सुरू केली. अभ्यासक्रम, इयत्ता, छापील पुस्तके, स्वरलिपी, परीक्षा, पदवी. गाणे घराण्याच्या कुलपातून काढून त्यांनी ते फळ्यासमोर आणले. ज्या काळात भल्या घरचा मुलगा गवई होतो म्हटल्यावर घरात सुतक पडल्यासारखे होत असे, त्या काळात 'गाणे ही शिकण्याची गोष्ट आहे' हे समाजाच्या गळी उतरवणे हे केवढे काम!

१९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्या शिष्यवर्गातले विनायकराव पटवर्धन मिरजेचे, बा. र. देवधर मिरजेचे, मंडळाचे कामकाजही दीर्घकाळ मिरजेशी जोडलेले राहिले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची शिडी आज मराठी घरांत इतकी परिचित आहे की 'तुमची कितवी झाली?' हा प्रश्न गाण्याच्या बाबतीतही विचारला जातो.

आणि येथेच घोटाळा सुरू होतो. परीक्षा ही वाट होती, ती मुक्काम झाली. दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय कलांच्या परीक्षांबद्दल वाढीव गुण देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला, तेव्हा हेतू चांगलाच असणार. कलेची दखल घेतली जावी, ही मागणी आम्हीही केली असती. पण परिणाम पाहा. दहावीपूर्वी ठरलेल्या संख्येइतक्या परीक्षा उरकल्या पाहिजेत, म्हणून सातवी-आठवीतल्या मुलांना एका सत्रामागून दुसऱ्या सत्राला बसवले जाते. रागाचा आरोह-अवरोह, वादी-संवादी, गानसमय हे सारे घोकून तयार. पण तोच राग दुसऱ्या कोणी गायला तर ओळखता येत नाही. दहावीचा निकाल लागला की पेटी माळ्यावर जाते. गुणांसाठी शिकलेल्या गाण्याचे काम गुण मिळताच संपते, यात त्या मुलाचा काय दोष?

आणखी एक लहानशी गोष्ट, थोडे विषयांतर करून. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत पंढरपूरकडच्या भोपळ्यांतून तंबोरे आणि सतारी घडतात. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही कारागिरी, तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मिरजेपासून दहा किलोमीटरवर सांगलीत गाणे शिकणारे मूल बहुधा तंबोऱ्याला हात लावत नाही. फोनवरचा तंबोरा एका बोटाने सुरू होतो आणि तो कधी उतरत नाही. सोय मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण तंबोरा जुळवणे हाच मुळात कानाचा पहिला धडा होता. खुंटी किंचित पिळायची, थांबायचे, ऐकायचे, जवारीचा दोरा सरकवायचा, पुन्हा ऐकायचे. जुळला आहे की नाही हे दुसऱ्या कोणी सांगायचे नाही, आपल्याच कानाने ठरवायचे. दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या निर्णयावर अवलंबून राहायला लावणारे असे किती प्रसंग आपल्या शिक्षणात येतात? बरोबर उत्तर मागच्या पानावर छापलेले नसते, असा हा एक दुर्मीळ अभ्यास आहे.

आता आमच्या वर्गाकडे वळतो. पदव्युत्तर वर्गाला छंदशास्त्र शिकवताना येणारा अनुभव मराठीच्या बहुतेक अध्यापकांना ओळखीचा असेल. मंदाक्रांतेचे गण विद्यार्थी बिनचूक लिहितात. यती चौथ्या, दहाव्या आणि सतराव्या अक्षरावर येतो हेही लिहितात. ओळ मोठ्याने वाचायला सांगितली की मात्र यती सोडून भलतीकडेच श्वास घेतात. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरे बोटांवर मोजून दाखवतात. आणि शेवटचा चरण चारच अक्षरांत का थांबतो, त्या थांबण्याने काय साधते, हे विचारले तर गप्प बसतात. त्यांनी तो अभंग कधी कानाने घेतलेलाच नसतो. मोजला आहे, ऐकलेला नाही.

माधव जूलियन यांच्या 'छंदोरचने'त मात्रावृत्तांची आवर्तने सांगितली आहेत. पाच मात्रांचे हर, सहांचे भृंग, सातांचे अग्नी, आठांचे पद्म. परीक्षार्थी ही नावे कोष्टकासारखी पाठ करतो, कारण त्याला ती संज्ञा वाटते. ज्या मुलाने लहानपणी दोन-तीन वर्षे तबल्यासोबत गाणे शिकलेले असते, त्याला मात्र भृंग म्हणताच दादरा आठवतो, पद्म म्हणताच केरवा. अग्न्यावर्तनी ओळ त्याला रूपकाच्या अंगाने चालताना जाणवते, आणि हरावर्तनीत झपतालाच्या अर्ध्याची लय सापडते. ताल आणि वृत्त एकच नव्हेत, हे आम्ही जाणतो, आणि जातींचे प्रत्येक आवर्तन तालाच्या खंडांशी जुळेलच असेही नाही. रूपकाचे तीन-दोन-दोन आणि कवितेतले तीन-चार यांत अंतर आहेच. पण ते अंतर समजायलासुद्धा आधी दोन्ही ऐकावी लागतात. जातिवृत्तांतून मुक्तछंदाकडे वळताना मर्ढेकरांच्या पिढीने काय सोडले आणि काय ठेवले, हा प्रश्न लयीचा कान नसलेल्या विद्यार्थ्यापुढे आम्ही कसा ठेवायचा? त्याच्यासाठी मुक्तछंद म्हणजे तुकडे पाडून लिहिलेले गद्य.

तेव्हा संगीताच्या शिकवणीचा आम्हांला दिसलेला पहिला लाभ हा असा आहे. मूल भाषा ऐकू लागते. शब्दाचा अर्थ कळण्याआधी त्याचे वजन कळते. कोणते अक्षर ओढायचे, कोणते सोडायचे, वाक्य कुठे टेकवायचे हे कळते. अशा विद्यार्थ्याचे गद्यही वाचायला बरे असते, असे आमचे निरीक्षण आहे. त्याला आकडेवारीचा आधार आम्ही देऊ शकत नाही, आणि पत्रकावर ते छापावे असा आग्रहही नाही.

दुसरा लाभ चुकण्याशी संबंधित आहे. गाण्याच्या वर्गात मूल सर्वांदेखत चुकते, आणि चूक त्याच क्षणी सर्वांना कळते. लेखी परीक्षेतली चूक लाल शाईत, खासगीत, महिन्याभराने परत येते. येथे समेवर पोचायला उशीर झाला तर तबला पुढे निघून गेलेला असतो. रुसून चालत नाही, खाडाखोड करता येत नाही. पुढच्या आवर्तनाची वाट पाहायची आणि पुन्हा मुखडा धरायचा. हे रोज करणाऱ्या मुलाला चुकीची भीती वाटेनाशी होते असे नाही. पण चुकल्यावर काय करायचे ते त्याच्या अंगवळणी पडते. आमच्या तोंडी परीक्षांत एका प्रश्नाला अडले म्हणून पुढच्या चारही प्रश्नांना मुकाट राहणारे हुशार विद्यार्थी आम्ही दरवर्षी पाहतो, तेव्हा हे फार प्रकर्षाने जाणवते.

परंतु 'गाणे शिकलेले मूल' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोण येते? विश्रामबागेतल्या शिकवणीतले, की जत तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर भजनी मंडळात टाळ धरून बसणारे? शहरातले पालक पहिल्यालाच संगीताचे शिक्षण म्हणतील. आमचा अनुभव सांगतो की ओवी आणि अभंग यांच्या तासाला सर्वांत आधी डोके हलते ते दुसऱ्याचे. माण-खटावकडून, जत-आटपाडीकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांत असे काही असतात की ज्यांनी छंदशास्त्राचे नाव ऐकलेले नसते, पण अभंगाची ओळ चुकीच्या जागी तोडली तर त्यांना ती खटकते. आजोबांच्या मांडीवर, एकादशीच्या रात्री, पेंगत पेंगत ते शिकलेले असतात. त्यांच्या आज्यांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्यांचे मोल हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्यासारख्या अभ्यासकांनी जाणले. महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आज्यांपैकी कोणीही 'प्रवेशिका' दिलेली नव्हती.

१९६० पूर्वी सांगली जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते, आणि त्याआधी सारा मुलूख एकच. त्याच मुलखात, वाळव्याजवळच्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशाच्या फडात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. जात आणि कुलकर्णीपण दोन्ही मागे टाकून. त्याच मुलखात वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाहिरीत उतरले. विष्णू दिगंबरांच्या कार्याबद्दल आम्हांला नितांत आदर आहे. तरी हेही नोंदवले पाहिजे की गाण्याला प्रतिष्ठा देताना त्या चळवळीने जे अभ्यासक्रमात घेतले त्याला प्रतिष्ठा मिळाली, आणि डफ, हलगी, तुणतुणे, जाते हे बाहेरच राहिले. हलगीच्या ठेक्यावर वाढलेल्या मुलाला 'तुला संगीत येते का?' असे विचारले तर तो 'नाही' म्हणतो. हे उत्तर त्याला आपणच शिकवले आहे.

म्हणूनच फी भरून घेतलेल्या शिकवणीपुरती ही चर्चा राहू नये असे आम्हांला वाटते. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे स्पष्ट लिहिले आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी, स्वतः कीर्तन करणाऱ्या त्या राजाने, आपल्या छोट्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार आणले. अंतुबुवा जोशी त्यांच्याच दरबारचे गवई. आज आमच्या भागात कवायतीची घंटा बहुतेक शाळांत होते, गाण्याची मात्र स्नेहसंमेलनाच्या आधीच्या पंधरवड्यातच होते. तेव्हाही मुले ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचतात. गळा कोणाचाच उघडत नाही.

आमची सूचना साधी आहे आणि तिला खर्चही फारसा नाही. निदेशकाच्या जागेसाठी विशारद मिळत नसेल तर गावातला चांगला भजनी, पेटीवाला, शाहीर किंवा हलगीवादक आठवड्याला दोन तास शाळेत यावा, आणि त्याला त्याचे मानधन वेळेवर मिळावे. पदविका नाही म्हणून त्याला दारात अडवू नये. मराठीच्या शिक्षकाने पाठ्यपुस्तकातली प्रत्येक कविता निदान एकदा चालीवर म्हणावी. स्वतःचा गळा बरा नसेल तर वर्गातल्या एखाद्या मुलीकडून म्हणवून घ्यावी; अशी एक तरी मुलगी प्रत्येक वर्गात असते. पेटी शाळेत नसेल तर देवळात असते, आणि देऊळ ज्यांना आपले वाटत नाही त्यांच्यासाठी डफ आणि टाळ्या पुरतात. याला गुण ठेवू नयेत, परीक्षा ठेवू नये, प्रमाणपत्र तर मुळीच देऊ नये. आणि पालकांनी गणिताचे काय झाले असे विचारलेच, तर त्यांना गणिताच्या शिक्षकांकडे पाठवावे.